दत्तक दिलेल्या मुलीचे पत्र आले आहे; तिला काय उत्तर लिहू?

या अंकासाठी निवडलेली तीनही पत्रे दत्तक गेलेले मूल आणि त्याची जन्मदात्री आई यांच्या पुनर्भेटीविषयी आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. एकोणीस वर्षांची असताना, लग्नापूर्वी, मला मुलगी झाली. घरच्यांचा आग्रह होता, मला दुसरा आधार नव्हता, म्हणून एका संस्थेमार्फत मी तिला दत्तक दिले. ‘हे सगळे विसर आणि नव्याने सुरुवात कर,’ असे मला तेव्हा सांगण्यात आले. पुढे लग्न झाले. पतींना मी लग्नाआधीच सांगितले होते, परंतु नंतर आमच्यात तो विषय कधी निघाला नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला यातले काहीच ठाऊक नाही. गेल्या महिन्यात संस्थेमार्फत मुलीचे पत्र आले. ती आता एकतीस वर्षांची आहे. ‘मला तुमच्याकडून काही नको, फक्त तुम्ही कोण आहात आणि तेव्हा काय झाले, एवढे जाणून घ्यायचे आहे,’ असे तिने लिहिले आहे. मी उत्तर लिहायला बसते आणि कागद फाडून टाकते. क्षमा मागू की खुलासा करू? तिला भेटण्याचा मला अधिकार आहे का? आणि मुलाला काय सांगू?

उत्तर : तुमचे कागद फाटतात, कारण एका पत्रात तुम्ही एकतीस वर्षे बसवू पाहत आहात. पहिल्या पत्रावर एवढा भार टाकू नका. तुमचे पत्र मिळाले, ते मिळाल्याने मला काय वाटले, तुम्ही जिला शोधत आहात ती मीच आहे, आणि तुमच्या प्रश्नांची उत्तरे मी देईन, मात्र मला थोडा वेळ लागेल, इतके लिहिलेत तरी पुरे. ही पोच लवकर पाठवा. असे पत्र टाकून वाट पाहणाऱ्या माणसाला उत्तराचा उशीर हा नकारच वाटतो, आणि जन्मतःच आपल्याला नाकारले गेले अशी शंका ज्याने कधी ना कधी मनात बाळगली आहे, त्याला तर तो फारच लागतो.

त्यानंतरच्या पत्रात तिने विचारले आहे तेच सांगा. ‘तेव्हा काय झाले’ हा प्रश्न वाचताना तुम्हाला त्यात आरोप ऐकू येत असावा, परंतु तो बहुधा शब्दशः तोच प्रश्न आहे. ती दिवसा जन्मली की रात्री? रडली का? किती दिवस तुमच्याजवळ होती, तुम्ही तिला कुशीत घेतले का, मनातल्या मनात काही नाव ठेवले होते का, तिला न्यायला आले तेव्हा तिच्या अंगावर काय होते? संस्थेच्या नोंदवहीत तारीख, वजन आणि तुमची सही सापडेल. उजव्या कानामागे तीळ होता, किंवा झोपेत ती मूठ सोडत नसे, हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते; ते सांगू शकणारी जगात कदाचित तुम्ही एकट्याच आहात. जे आठवत नाही त्याबद्दल ‘आठवत नाही’ असे लिहा, पण रिकाम्या जागा कल्पनेने भरू नका. जन्माच्या वेळी मोठा ताण असेल तर त्या काळाच्या आठवणी तुटक असणे स्वाभाविक आहे, आणि हेही तिला सांगता येईल.

यासोबत कुटुंबातील आजारांची माहिती न विसरता द्या. डॉक्टरांनी ‘घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार?’ असे विचारले की दत्तक गेलेल्या व्यक्तीला प्रत्येक वेळी ‘माहीत नाही’ असे म्हणावे लागते. एका कागदावर मावणारी ही माहिती तिच्या फार उपयोगी पडेल.

क्षमा मागावीशी वाटते तर जरूर मागा. फक्त ‘तू मला माफ केलेस का?’ असा प्रश्न पत्रात उघडपणे किंवा आडून येऊ देऊ नका, कारण त्यामुळे तुमचे समाधान करण्याची जबाबदारी तिच्यावर पडते आणि तिचा स्वतःचा राग, असलाच तर, तिला गिळावा लागतो. खुलाशाचेही तसेच आहे. ‘माझा नाइलाज होता’ हे एक वाक्य तिला फारसे काही सांगत नाही. पण घरी प्रथम कोणाला कळले, निर्णय कोणी घेतला, कागदावर सही करताना तुम्हाला काय समजावले गेले आणि काय सांगितले गेले नाही, हे क्रमाने लिहिलेत तर तुमचा नाइलाज तिला आपोआप दिसेल. तुमच्यावर आलेला दबाव केवळ तुमच्या घरातला नव्हता, हेही ध्यानात असू द्या. अविवाहित मातांवर दडपण आणून त्यांची मुले दत्तक दिली गेल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी २१ मार्च २०१३ रोजी सरकारच्या वतीने जाहीर क्षमा मागितली होती. वडिलांविषयी ती आज ना उद्या विचारेलच. तो भाग दुःखद असेल तर तो पत्रात न लिहिता समोरासमोर, समुपदेशकाच्या उपस्थितीत सांगा. परंतु खोटे सांगू नका, कारण पुढे ते उघडे पडले तर तुमच्या खऱ्या शब्दांवरचाही विश्वास जाईल.

आता ‘विसर’ या सल्ल्याविषयी. तो देणाऱ्यांचा हेतू वाईट नसेलही, पण तो सल्ला चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉबिन विंकलर आणि मार्गारेट व्हॅन केपेल यांनी मूल दत्तक दिलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा अनेकींचे दुःख काळाबरोबर ओसरण्याऐवजी वाढलेले आढळले, आणि ज्यांना त्याविषयी बोलायला कोणी मिळाले नव्हते त्यांना त्यातून सावरणे अधिक जड गेले होते. म्हणून तिला भेटण्यापूर्वी तुम्ही स्वतः कोणाशी तरी मोकळेपणाने बोला. दत्तक प्रक्रियेत काम केलेला समुपदेशक मिळाला तर उत्तम. नाहीतर पहिल्याच भेटीत तुमच्या आतला सगळा बांध तिच्यासमोर फुटेल, आणि ऐकायला आलेली मुलगी तुमचे डोळे पुसत बसेल.

अधिकाराचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. सज्ञान झालेल्या दत्तक व्यक्तीला आपले मूळ जाणून घेता यावे, याकडे जगभरातील कायदे हळूहळू वळले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाला शक्य तेथवर आपले आईवडील जाणून घेण्याचा हक्क दिलेला आहे, आणि १९९३ च्या हेग दत्तक करारानुसार संबंधित देशांनी मुलाच्या मूळची माहिती जपून ठेवायची असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७५ च्या कायद्याने दत्तक व्यक्तींना अठराव्या वर्षी मूळ जन्मनोंद मिळण्याची सोय झाली. मात्र कायद्यापूर्वी ज्यांची मुले दत्तक गेली होती त्या मातांना ‘कोणाला कधीच कळणार नाही’ असा भरवसा दिला गेला होता, म्हणून त्या काळातल्या दत्तक व्यक्तींना नोंद हाती देण्याआधी समुपदेशकाची भेट घेणे सक्तीचे केले गेले. तुमच्या बाबतीत नेमके कोणते नियम लागू आहेत ते ज्या संस्थेमार्फत पत्र आले तिला विचारा आणि सध्याचा पत्रव्यवहार तिच्यामार्फतच ठेवा. परंतु हे सारे हक्क माहितीचे आहेत. नात्याचा हक्क कायदा तिला देऊ शकत नाही आणि तुम्हालाही नाही. भेट व्हावी की नाही हे तुम्हा दोघींच्या इच्छेवर आहे. तिने अजून भेट मागितलेली नाही. तुमची तयारी आहे इतके तिला कळवा आणि दिवस तिला ठरवू द्या.

भेट ठरली तर ती दोघींचीच असावी, कोणाच्याही घरी नसावी आणि ती किती वेळाची हे आधीच ठरलेले असावे. एकमेकींचे हात, कपाळ, हसण्याची ढब न्याहाळण्यातच बराच वेळ जातो. रक्ताच्या नात्यातला चेहरा तिने याआधी बहुधा पाहिलेलाच नसेल, तेव्हा तिला पाहू द्या. मिठीसाठी तुम्ही आधी हात पुढे करू नका. ती तुम्हाला काय म्हणेल याची चिंता आताच नको. ‘आई’ हा शब्द तिच्याकडे आधीच कोणासाठी तरी आहे. तुम्हाला ती नावाने हाक मारील, मावशी म्हणेल किंवा कित्येक महिने काहीच न म्हणता बोलेल.

राहिला तुमचा मुलगा. प्रथम पतींशी बोला. त्यांना मूळ गोष्ट माहीत आहे, नवे आहे ते फक्त पत्र. त्यानंतर मुलीशी भेट होण्याआधी मुलाला सांगा, आणि तुम्ही स्वतः सांगा. त्याला मोठी बहीण आहे याचा धक्का तो पचवील. ही गोष्ट आईने आपल्यापासून लपवून भेटीगाठी सुरू ठेवल्या, हे कळले तर मात्र त्याला ते सोसणे कठीण जाईल. शिवाय तिचाही विचार करा. ‘घरी फोन करू नका, कोणाला सांगू नका’ अशा अटींवर नाते सुरू झाले, तर तिच्या मनात एकच गोष्ट ठसेल, की आपल्याला दुसऱ्यांदा लपवले गेले.

प्रश्न : आमचा मुलगा तीन महिन्यांचा असताना आम्ही त्याला दत्तक घेतले आणि ते त्याच्यापासून कधी लपवले नाही. आता तो चोवीस वर्षांचा आहे आणि जन्मदात्या आईचा शोध घ्यायचा म्हणतो. मी वरवर होकार दिला, पण रात्री झोप लागत नाही. आमच्या प्रेमात काय कमी पडले?

उत्तर : त्याच्या शोधावरून तुमच्या प्रेमाचे मोजमाप करू नका. हा गैरसमज जुना आहे आणि त्यामागे एक इतिहासही आहे. स्कॉटलंडमध्ये १९३० पासूनच दत्तक व्यक्तीला सतराव्या वर्षी मूळ जन्मनोंद पाहता येत असे. ती पाहायला आलेल्यांचा जॉन ट्रिसेलिओटिस यांनी केलेला अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात वाढलेल्या घराविषयी नाराज असलेले बरेच जण होते. त्यावरून ‘दुखावलेली मुलेच शोध घेतात’ असा समज दीर्घकाळ टिकला. पुढे इंग्लंडमध्ये नोंदी खुल्या झाल्या, विचारणा करणाऱ्यांची संख्या वाढली, आणि सुखात वाढलेली, आईवडिलांवर जीव असलेली माणसेही तितक्याच ओढीने शोध घेतात हे दिसून आले. आपण कोणासारखे दिसतो, हा प्रश्न उत्तम घरातही सुटत नाही.

तुम्ही त्याला लहानपणापासून खरे सांगितलेत, म्हणूनच तो हे तुमच्याशी बोलू शकला. आता दत्तक प्रक्रियेची तुमच्याजवळची सगळी कागदपत्रे, अगदी संस्थेतून मिळालेली लहानशी चिठ्ठी किंवा दुपटे असेल तर तेही, त्याच्या हाती द्या. तुमची भीतीही त्याला एकदा साध्या शब्दांत सांगा. ती लपवली तर तुम्हाला जपण्यासाठी तो आपला शोध तुमच्यापासून लपवू लागेल. मात्र रोज ‘काही कळले का?’ असे विचारू नका, आणि त्याने बोलावल्याशिवाय पहिल्या भेटीला सोबत जाऊ नका.

प्रश्न : गेल्या वर्षी मला माझी जन्मदात्री आई सापडली. सुरुवातीचे काही महिने आम्ही रोज तासन्‌तास फोनवर बोलत होतो. मग तिचे फोन कमी झाले आणि आता ती संदेशांना उत्तरही देत नाही. मी तिच्या मुलांना समाजमाध्यमांवर शोधले आहे. त्यांना लिहू का?

उत्तर : तूर्त लिहू नका. त्यांना तुमच्याविषयी ठाऊक आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या एका संदेशाने आईचे घर तिच्या हातून उघडे पडले तर परतीची वाट आणखी अवघड होईल.

तुमच्या बाबतीत घडले ते पुनर्भेटींमध्ये वारंवार घडते, हे ऐकून वेदना कमी होणार नाही, तरी सांगते. प्रारंभीच्या दिवसांत दोघांनाही सगळी वर्षे एकदम भरून काढायची घाई असते, आणि मग एकजण थकून मागे सरतो. आईच्या बाबतीत असे होण्याचे एक कारण असे, की तुमच्या आवाजाबरोबर तिला ज्या दिवसांना कधी सामोरे जाऊ दिले गेले नाही ते दिवस परत येतात आणि तरुणपणी दडपलेला शोक आत्ता, या वयात सुरू होतो. ती तुमच्यापासून पळते आहे की त्या दिवसांपासून, हे तिला स्वतःलाही नीट सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र हे दुसऱ्यांदा टाकून दिल्यासारखे वाटणार, आणि तसे वाटण्यात तुमचे काही चुकत नाही.

तिला एकच पत्र लिहा. आपल्या बोलण्यातून मला काय मिळाले, तुमचे मौन मला कसे वाटते, महिन्यातून एकदा किंवा वर्षातून दोनदा लिहिलेत तरी मला चालेल, आणि माझा पत्ता बदलला तर मी कळवीन, असे त्यात असू द्या. त्यात ‘का’ विचारू नका आणि मुदत घालू नका. त्यानंतर निदान काही महिने थांबा, आणि त्या काळात दत्तक गेलेल्या प्रौढांच्या एखाद्या आधारगटात जा, कारण घरच्यांना व मित्रांना या विशिष्ट दुःखाची कल्पना बहुधा नसते.

न्यूझीलंडच्या १९८५ च्या कायद्याने जुन्या दत्तक प्रकरणांतील मातांना आपली ओळख उघड होऊ न देण्याची मुभा दिली होती, पण त्या मनाईची मुदत दहा वर्षांची होती. ती संपली की नव्याने ठरवावे लागे. तुमच्या आईच्या आजच्या नकाराकडेही आजचाच नकार म्हणून पाहा. तिचे उत्तर आले नाही, तर कुटुंबातील आजारांची आणि तुमच्या जन्मसमयीची माहिती तेवढी संस्थेच्या किंवा मध्यस्थ समुपदेशकाच्या मार्फत मागवा. प्रत्यक्ष संबंध नको म्हणणारी आई ही माहिती लिहून द्यायला तयार होऊ शकते.