रक्त दिसलं की हात थांबतो

"मॅडम, दातांच्या फटीत ब्रश घातला की रक्त येतं. म्हणून सोडूनच दिलं." मधुमेह असलेल्यांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना हे इतक्यांदा कानावर येतं, की एकदा नीट लिहावं म्हटलं. हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं आणि साखर चढली की हिरड्या आणखी बिघडतात. म्हणून दातांची ही तक्रार माझ्याही टेबलावर येते.

मालतीताई (नाव, तपशील बदललेत) पन्नाशीच्या. डेंटिस्टनी दाढांच्या फटींसाठी बारीक ब्रश दिले होते, ते दोन-चार दिवसांतच कपाटात गेले.

"आईचंही असंच रक्त यायचं. मग एकेक दात हलायला लागला."

म्हणजे बेसिनमधला गुलाबी थेंब त्यांना थेट कवळीपर्यंत नेत होता. मी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची. थेंबापेक्षा त्याला लावलेला अर्थ माणसाला जास्त घाबरवतो, असं मी मानते. त्या अर्थाला हात घालायचा, पण कुठून?

"जेवल्यावर अडकलेलं कसं काढता?"

त्यांनी मनगट पुढे केलं. बांगडीत सेफ्टी पिन.

"हिची भीती नाही वाटत?"

"ही तर नेहमीचीच."

"हिनं कधी रक्त आलं?"

"येतं की कधीमधी..." आणि त्या अडखळल्या. पिन बांगडीवरून इकडून तिकडे सरकवत राहिल्या, मग खुदकन हसल्या. "पिनेनं आलेलं चालतं होय मला!"

मी गप्प राहिले. नवखे समुपदेशक नेमके इथेच समजवायला धावतात. स्वतःच्या तोंडून निघालेली विसंगती माणूस विसरत नाही. माझं व्याख्यान मात्र जिना उतरेपर्यंत विसरतो. हे गप्प बसणं मला वर्षानुवर्षांच्या सरावानं जमलंय.

समजावलं ते नंतर. नेहमीच्या ब्रशचे केस दोन दातांमध्ये पोचत नाहीत. तिथे जिवाणूंचा थर साचतो, हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीला नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. त्या भीतीनं सफाई थांबवली, की थर कडक होऊन त्याचं कीटण होतं. ते घरी निघत नाही.

मग एक काम दिलं. कागदावर दातांच्या दोन कमानी काढायच्या, रात्री सफाई करायची आणि रक्त येईल त्या फटीवर लाल ठिपका द्यायचा. रोज नवा कागद. "रक्त येताच कामा नये" हा हट्ट सोडायचा. आलं तर आवडणार नाही, पण सोसेल, एवढंच म्हणायचं.

मधेच मालतीताईंच्या मुलानं शंका काढली: अमेरिकेनं २०१६ मध्ये आहाराच्या सरकारी मार्गदर्शिकेतून फ्लॉसिंग (फ्लॉस म्हणजे बारीक दोरा, तो दातांच्या फटींतून फिरवणं) काढून टाकलं ना? काढलं, खरंय. फ्लॉसवरचे अभ्यास कच्चे आहेत, हा आक्षेप रास्तच होता. पण त्यामुळे फटी साफ करणं निरुपयोगी ठरत नाही. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं आपला सल्ला कायम ठेवला. फट असेल तिथे बारीक ब्रश, दात दाटीवाटीचे असतील तिथे फ्लॉस. ब्रश अलगद जायला हवा. रेटावा लागला तर लहान मापाचा घ्या. फ्लॉस साधारण ४५ सेंटिमीटर तोडायचा, दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून वर-खाली फिरवायचा. करवतीसारखा हिरडीत ओढायचा नाही. पिन, टाचणी, काडेपेटीची काडी बंद.

नेमानं केलं, तर बहुतेकांचं रक्त एक-दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही येत राहिलं, पू दिसला किंवा दात हलत असेल, तर समुपदेशकाकडे नको, थेट डेंटिस्टकडे जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही त्यांना सांगा.

मालतीताईंचे ठिपके दुसऱ्या आठवड्यात विरळ झाले. उजवीकडच्या खालच्या दाढांमधला एक मात्र रोज त्याच जागी. या वेळी त्या घाबरल्या नाहीत, कागदांची चवड घेऊन दवाखान्यात गेल्या. तिथल्या जुन्या फिलिंगची कड बाहेर आली होती आणि तिच्याखाली थर साचत होता. डेंटिस्टनी ती घासून गुळगुळीत केली.