नवरात्राचा आठवडा आणि तुझी यादी

फोंडा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातली नवरात्राच्या आठवड्याची यादी नीट वाचली. सोमवारी भाषाविज्ञानाची आयएसए, म्हणजे सत्रातली अंतर्गत परीक्षा, बुधवारी सेमिनार, शुक्रवारपर्यंत दोन असाइनमेंट, शनिवारी विभागाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन. त्यात नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेचा अभ्यास मागे पडलेला. घरी रुजवण (देवापुढे पेरलेलं धान्य), आईचे उपास, आणि शेतात कापणीला आलेलं सरदाचं, म्हणजे पावसाळी भात. या सगळ्याच्या तळाशी, कागदावर जागा उरली म्हणून लिहावं तसं एक वाक्य: ‘जमलं तर मखराला जाऊन येईन.’

तुझं डिझर्टेशन मखरोत्सवातल्या, म्हणजे नवरात्रात देवाला सजवलेल्या मखरात बसवून झुलवण्याच्या उत्सवातल्या, कीर्तनावर आहे ना? मग ते वाक्य तळाशी कसं? ते वाचून काळजी वाटली आणि लगेच लिहायला बसले.

तू विचारलं आहेस की यातलं काय सोडू. मी आधी दुसरं विचारते: यातलं काय थांबू शकतं? भाषाविज्ञानाची पुस्तकं ताळगाव पठारावरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात वर्षभर आहेत. असाइनमेंट पहाटे लिहिता येते, बसमध्ये तिचा आराखडा करता येतो. नेट वर्षातून दोनदा होते. मखर मात्र आश्विनातच हलतं. दसरा झाला की ढोल-ताशे खाली ठेवले जातात, मखर उतरतं, कीर्तनकार आपल्या गावी जातात. पुढच्या आश्विनात ते सगळं पुन्हा होईल, पण तोवर तुझा प्रबंध छापून, बांधून, तपासूनही झालेला असेल. म्हणजे तुझ्या कामाच्या दृष्टीने हे एकच नवरात्र आहे. त्याला ‘जमलं तर’ म्हणू नकोस. त्यातल्या निदान तीन रात्री आधी पक्क्या कर आणि बाकीचा आठवडा त्यांच्याभोवती बसव.

तीन का, तेही सांगते. पहिल्या रात्री तू दिपून जाशील. उदबत्त्यांचा वास, गर्दी, मखरात बसवलेली देवी आणि वाद्यांच्या ठेक्यावर झुलणारं ते मखर. लहानपणापासून पाहिलेलं असलं तरी अभ्यासक म्हणून पाहताना ते नवं वाटतं, आणि त्या रात्रीच्या वहीत ‘फार सुंदर’ यापलीकडे फारसं काही उतरत नाही. ते होऊ दे. दुसऱ्या रात्री डोळे स्थिरावतात. तिसऱ्या रात्री तुलना सुरू होते: काल आख्यान कोणतं होतं, आज कोणतं, काल बुवांनी पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचं निरूपण, किती लांबवला आणि आज का आटोपता घेतला. तुझा विषय खरा तिथून सुरू होईल.

कुठे जायचं ते तू ठरव, पण निवड विचार करून कर. म्हार्दोळची म्हाळसा आणि मंगेशी ही दोन्ही देवळं पणजी-फोंडा रस्त्यावर, एकमेकांच्या जवळ आहेत. कवळ्याची शांतादुर्गा फोंड्याला लागून. ही तिन्ही दैवतं सोळाव्या शतकात नदीपलीकडून अंत्रुजात, म्हणजे या फोंड्याच्या परिसरात, आणली गेली. म्हाळसा वेर्ण्याहून, मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून. तेव्हा अंत्रुज पोर्तुगीज अमलाबाहेर होतं, म्हणून तिकडे आसरा मिळाला. कवळ्याचं आजचं देऊळ बरंच नंतरचं, अठराव्या शतकातलं, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातलं. हा इतिहास तुझ्या पहिल्या प्रकरणात एका परिच्छेदापुरता येईलच. पण देवळात बसल्यावर त्याचा वेगळा उपयोग आहे. समोर बसलेल्या श्रोत्यांत मुंबईहून, कारवारहून आलेले महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत मानकरी, असतात, शेजारच्या वाड्यावरच्या बायका असतात, फुलं विकणारी माणसं असतात. कोण कुठून आलं, कोणासाठी ही गावची देवी आणि कोणासाठी दुरून येऊन भेटायची कुलदेवी, हे विचारलंस तर एकच कीर्तन निरनिराळ्या कानांनी कसं ऐकलं जातं ते कळेल. त्यावर लिहिलेलं मी फारसं वाचलेलं नाही. तू लिहावंस असं मला मनापासून वाटतं.

माझा सल्ला असा की तिन्ही रात्री एकाच देवळात बस. पुष्कळ लोक त्या दिवसांत या देवळातून त्या देवळात फिरतात, तुझ्या मैत्रिणीही तुला ओढतील. दर्शनाला जरूर जा, पण अभ्यासाचं देऊळ एक ठेव.

आता तिथे काय करायचं. नवरात्र बसण्याआधीच देवस्थान समितीच्या कार्यालयात जाऊन विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र दे आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी माग. कीर्तनकारांना वेगळं विचार. समितीने हो म्हटलं म्हणून बुवांचंही हो धरू नकोस. गळा त्यांचा आहे, आख्यान त्यांचं आहे. गाभाऱ्याकडे मोबाइल रोखू नकोस. कीर्तनाआधी बुवा आवाज जपत असतात, तेव्हा त्यांना प्रश्नांनी घेरू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घे. सकाळी माणूस मोकळं बोलतो.

कीर्तन चालू असताना वहीत पूर्ण वाक्यं लिहायला जाशील तर ऐकणं राहून जाईल. वेळ आणि खूण एवढंच टिप. नमन कधी संपलं, निरूपणाचा अभंग कोणता, उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, कधी सुरू झाला, साकी, दिंडी ही वृत्तं कुठे आली, हशा कुठे पिकला. आणि एका गोष्टीकडे खास कान ठेव. आख्यान मराठीत रंगलेलं असतं आणि मध्येच बुवा समोरच्या एखाद्या आजीला कोंकणीत काही विचारतात. ते नेमकं कोणत्या जागी घडतं? विनोद करताना, दटावताना, की गोष्ट अगदी हळवी झाल्यावर? सोमवारच्या पेपरसाठी तू भाषामिश्रणाचं जे प्रकरण वाचते आहेस, ते इथे तुझ्यासमोर उभं असेल. पेपर आणि मखर एकमेकांच्या आड येतात असं तुला वाटतंय. या बाबतीत तरी ते एकमेकांना हात देतात.

हार्मोनियमवाले, तबलजी, ढोल-ताशे वाजवणारे यांच्याशीही बोल. मखर सजवणाऱ्यांशी तर नक्कीच. बहुतेक अभ्यासक बुवांपाशी थांबतात, आणि मग पानांमागून पानं एकाच माणसाच्या तोंडून आलेली वाटतात. मखराची आजची आरास कोणी ठरवली, तिचा आजच्या आख्यानाशी काही मेळ आहे का, की दोन्ही आपापल्या वाटेने चालतात, हे सजावट करणाराच सांगेल.

आणि हे विसरू नकोस: झोपण्यापूर्वी टिपण लिहायचं. डोळे मिटत असले तरी अर्धा तास. तिथी, तारीख, देऊळ, कीर्तनकार, साथीला कोण, आख्यान, आणि मनात राहिलेल्या दोन-तीन गोष्टी. ध्वनिमुद्रण आहे म्हणून टिपण उद्यावर टाकलंस तर श्रोत्यांचे चेहरे निसटतील, ते यंत्रात नसतात. मुद्रणाची एक प्रत त्याच रात्री दुसरीकडे साठव. सगळं उतरवून काढायला बसू नकोस, त्यात दिवाळी उलटेल. प्रत्येक कीर्तनातली दहा मिनिटं निवड आणि तेवढीच अक्षरशः उतरव.

तू दामोदर कोसंबींबद्दल वर्गात ऐकलं असशील. गोव्यात 1907 साली जन्मलेला हा गणिती पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीसाठी ये-जा करायचा, आणि तरीही महाराष्ट्रातल्या वाटा पायी तुडवून गावोगावच्या देवता, शिळा, जत्रा स्वतः पाहायचा. पोथीतलं आणि पायाखालचं शेजारी ठेवून वाचायची त्यांची पद्धत होती. त्यांचा ग्रंथसंग्रह आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आठवडा संपल्यावर एका दुपारी त्या कपाटापाशी जाऊन ये. साखळीहून पणजी, पणजीहून पठार, अशा दोन कदंब बस बदलत तू रोज येतेस, तेव्हा प्रवासात काम करणारी माणसं तुला परकी वाटू नयेत म्हणून त्यांचं नाव काढलं.

आता बाकीची यादी. ती मी पटकन उरकते, आणि तूही तशीच उरकावीस.

सोमवारच्या आयएसएसाठी शनिवारची संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ पुरे. वर्गात तू लक्ष देतेस, हे मला माहीत आहे. स्वनिम (अर्थभेद करणारा ध्वनी) आणि रूपिका (शब्दातला लहानात लहान अर्थपूर्ण घटक) यांची उदाहरणं स्वतःच्या बोलण्यातली दे, पुस्तकातली तीच ती उतरवू नकोस. पेपर तपासणाऱ्याला ताजं उदाहरण दिसलं की तो थांबून वाचतो. मी कितीतरी गठ्ठे तपासले आहेत, त्यावरून सांगते. सेमिनार कशावर आहे ते तू लिहिलं नाहीस. विषय बदलता येत असेल तर शिक्षकांना भेटून कीर्तनाच्या संहितेवर घे. एकच वाचन दोन कामांना येईल. बदलता येत नसेल तर साधं, वेळेत संपणारं सादरीकरण कर. त्या बुधवारी तुला चमकायची गरज नाही. असाइनमेंटपैकी एक या रविवारीच लिहून टाक, अजून आठवडा सुरू व्हायचा आहे.

सूत्रसंचालन सोड. हे वाचून तुला वाईट वाटेल, कारण तू ते छान करतेस आणि सगळे तुलाच सांगतात. पण तुझ्या वर्गात आणखी चांगल्या आवाजाची मुलं आहेत, त्यांना संधी मिळालेली नाही. आजच विभागात जाऊन सांग, म्हणजे त्यांना तयारीला वेळ मिळेल. आदल्या रात्री कळवलंस तर मात्र ते बरं दिसणार नाही.

घरच्या कामाबद्दल मला थोडं जपून लिहायचं आहे. तुझे वडील तुला शेतावर ये म्हणून कधी सांगणार नाहीत, हे तू लिहिलंस. पण परतीचा पाऊस दुपारी विजांसकट कोसळतो आणि उभं भात आडवं होतं, तेव्हा घरात काय वातावरण असतं ते मी पाहिलेलं आहे. आता पुष्कळ ठिकाणी कापणीला यंत्र येतं, तरी वाळवायला, भरायला, झाकायला माणसं लागतातच. तेव्हा तूच आधी वडिलांना सांग की हा एक दिवस पूर्ण तुमचा, आणि या तीन रात्री माझ्या. आणि त्या दिवशी खरोखर पूर्ण शेतावर राहा. हातात विळा आणि कानाला मोबाइल असं नको. रोज थोडं थोडं करते म्हणालीस तर भातही भिजेल आणि अभ्यासही होणार नाही, आणि दोन्हीकडे तूच अपराधी वाटून घेशील.

आईलाही सांग. कीर्तन ऐकायला जाणं हा अभ्यास आहे, हे घरात पटवायला तुला जड जाईल असं तू म्हणतेस. मला उलट वाटतं. एका रात्री आईला बरोबर घे. कोणतं पद कोणत्या चालीवर होतं, पूर्वी हे आख्यान कसं लावायचे, हे ती तुला परतीच्या वाटेवर सांगेल आणि तुझ्या वहीत एक मोलाचं पान वाढेल. तिचं नाव आणि तारीख त्या पानावर नीट लिही. घरातली माहिती म्हणून ती बेवारस राहू देऊ नकोस.

दसऱ्यानंतर पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात दोन दिवस काढ. 1832 साली स्थापन झालेली ही संस्था आहे, आणि जुनी मराठी नियतकालिकं चाळायला पणजीत याहून चांगली जागा नाही. गोव्याच्या मुक्तीनंतरच्या वर्षांतले आश्विन महिन्याचे अंक माग. दैनिक ‘गोमन्तक’ 1962 साली सुरू झालं, तिथून पुढचे बघ. उत्सवाच्या बातम्या, कीर्तनकारांची नावं, कार्यक्रमपत्रिका यांतून काय हाती लागतं ते टिपून ठेव. ज्यांचं नाव त्या ग्रंथालयाला दिलं आहे ते सोळाव्या शतकातले कवीही केळशीचेच. कवळ्याला बसशील तेव्हा हे लक्षात असू दे. पण हे दसऱ्यानंतर. आधी ग्रंथालयात जाऊन मग देवळात जाऊ असा बेत केलास तर नवरात्र निघून जाईल.

गुणांची भीती तुझ्या पत्रात जागोजागी आहे. एखाद्या आयएसएत चार गुण कमी पडले तर पडू देत. तुझ्या मार्गदर्शकांशी मी या बाबतीत बोलणार नाही, ते तुलाच बोलायचं आहे. पण या आठवड्याचा बेत कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवलास तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

रात्री मखर संपेपर्यंत फोंड्याहून तुझ्या गावाकडे जाणारी बस मिळायची नाही. तिन्ही रात्री आमच्याकडे राहा, आई येईल तेव्हा तिलाही घेऊन ये. हे तुला बाजारातून स्कूटरवर आणायला येतील, तेवढा आधी फोन कर. जेवण झाकून ठेवते. टिपण लिहायला पुढच्या खोलीतलं टेबल रिकामं करून ठेवलं आहे. कोणत्या तीन रात्री ते रविवारपर्यंत कळव.

तुझी,
मॅडम