विचारा, सांगते : पौंड एक, घराणी तीन

प्रश्न : नातवाच्या वाढदिवसाचा केक सांगायला बेकरीत गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, अर्धा पौंड की एक पौंड?" घरी आलो तर लंडनहून मुलाचा फोन, पौंडाचा भाव वाढला म्हणून. नातवाच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'पौंड' म्हणजे कुटणे असं दिलंय. आणि वडिलांच्या जुन्या कागदांत ग्रामपंचायतीची एक पावती सापडली, तिच्यावर 'कॅटल पौंड' छापलेलं. हा सगळा एकच शब्द का हो? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुम्ही कोथरूडचे, म्हणून आधीच सांगून टाकते : पौड रस्त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही! आता मुद्द्याचं. तुम्ही चार पौंड मोजलेत, पण घराणी तीनच. केकचा आणि लंडनचा पौंड एकाच घरातले. कुटण्याचा आणि गुरांचा पौंड वेगवेगळ्या गावांहून आले आणि इंग्रजीत एकाच स्पेलिंगखाली राहू लागले.

वजनाच्या पौंडाबद्दल मी जरा जास्तच बोलेन, कारण माझी नोकरी वजनमापे निरीक्षकाची. दुकानातलं लोखंडी वजन उलटं करून बघणं ही आयुष्यभराची खोड. वजनात एक भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या शिशावर तपासणीचा शिक्का मारतात. शिसं खरवडलेलं दिसलं की दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघायचं, निम्मी तपासणी तिथेच होते.

रोमन लोक 'लिब्रा पोंडो' म्हणत, म्हणजे वजनाने एक लिब्रा. लिब्रा हे मापाचं नाव आणि पोंडो म्हणजे नुसतं 'वजनाने'. उत्तरेकडच्या जर्मन टोळ्यांनी नाव सोडलं आणि 'वजनाने' तेवढं उचललं. तोच इंग्रजांचा पौंड आणि जर्मनांचा फुंट. उद्या कोणी 'किलोच्या भावाने'मधला किलो टाकून 'भावाने' हेच माप म्हणून वापरू लागलं, तर जे होईल तेच इथे झालं. टाकलेला लिब्रा मात्र लिखाणात चिकटून राहिला. वजनाच्या पौंडाची खूण 'एलबी' ही लिब्राची, आणि ब्रिटिश चलनाच्या चिन्हातला आडवी रेघ मारलेला एलसुद्धा लिब्राचाच. इटलीचा जुना लिरा हाही त्याच घरातला.

वजनाचा पैसा कसा झाला? एक पौंड चांदीतून 240 पेनी पाडायच्या, असा हिशेब. 12 पेनींचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. हे त्रांगडं इंग्रजांनी 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत चालवलं, मग 100 पेनींचा पौंड केला. आपण 1 एप्रिल 1957 लाच सोळा आणे आणि चौसष्ट पैशांतून सुटलो होतो. या एका बाबतीत आपण साहेबाच्या चौदा वर्षं पुढे होतो, हे सांगताना मला अजून बरं वाटतं. मुलाला हेही सांगा की 1927 साली सरकारने रुपया कायद्याने दीड शिलिंगाला बांधला होता. म्हणजे एक पौंड बरोबर तेरा रुपये, पाच आणे, चार पै. आजचा भाव त्याच्याकडूनच ऐका.

आता गंमत अशी की वजनाचा पौंडही एक नाही. किराण्याचा पौंड 7000 ग्रेनचा (ग्रेन हे इंग्रजांचं बारीक वजन), म्हणजे सुमारे 454 ग्रॅम. सोन्याचांदीचा ट्रॉय पौंड 5760 ग्रेनचा, म्हणजे 373 ग्रॅम. त्यामुळे एक पौंड सोनं जड की एक पौंड पिसं, या कोड्याचं खरं उत्तर 'पिसं' असं आहे! आपला जुना तोळा 180 ग्रेनचा आणि राणीछाप रुपयाही तेवढ्याच वजनाचा. 5760 ला 180 ने भागा. बरोबर 32 येतात, ग्रेनभर इकडे तिकडे नाही. म्हणजे 32 रुपये पारड्यात टाकले की ट्रॉय पौंड झाला. किराण्याचा पौंड मात्र एकोणचाळीस तोळ्यांना वीस ग्रेन कमी पडतो. ऐंशी तोळ्यांच्या पक्क्या शेराचा अर्धा चाळीस तोळ्यांचा, म्हणून जुने लोक ढोबळमानाने पौंडाला अर्धा शेर म्हणून मोकळे होत.

पण दुकानात पौंड म्हणायचं कोण? म्हणायचे रत्तल. मुंबईकडच्या ज्येष्ठांना अजून आठवत असेल. रत्तल अरबीतून आला, अरबीत तो ग्रीकांच्या 'लित्रा' या मापातून, आणि लित्रा हा लिब्राचा चुलतभाऊ. आपलं दुधाचं लिटर निघालं तेही त्याच लित्रातून. माझ्या खात्याला ही सोयरीक ठाऊक नव्हती. आम्ही रत्तल बंद करून लिटर आणलं आणि म्हटलं, जुनं गेलं.

केकचं म्हणाल तर 2009 च्या वैध मापन कायद्याप्रमाणे माल ग्रॅम-किलोतच सांगायला हवा, पौंडात भाव सांगणंच नियमाबाहेर. जन्मलेलं बाळ 'सात पौंडांचं' म्हणणाऱ्या आजीला मी काही बोलणार नाही, ती बाळ विकत नाहीये. बेकरीवाल्याला मात्र बोलेन. त्याचा पौंड कधी 450 ग्रॅम असतो, कधी अर्धा किलो, आणि क्रीमचे मनोरे जास्त झाले तर देव जाणे किती. "ग्रॅममध्ये सांगा आणि काट्यावर ठेवा," एवढं म्हणायला लाजू नका.

दुसरं घराणं कुटण्याचं. जुन्या इंग्रजीत ते 'पुनियन' होतं, त्यात 'ड' नव्हताच. 'न'च्या मागून तो पुढे आपोआप उगवला. आवाज या अर्थाच्या 'साउंड'मधला 'ड'ही असाच आगंतुक, लॅटिन 'सोनुस'मध्ये तो नाही. यात नवल काही नाही, आपण वानराचा वांदर केलाच की! खलबत्त्यात वेलदोडा कुटतात तो हा पौंड, छाती धडधडते तोही हाच. वजनाशी त्याचं नातं नाही, मुसळ कितीही जड असलं तरी.

तिसरा पौंड म्हणजे वडिलांच्या पावतीवरचा, आपला कोंडवाडा. इंग्लंडच्या खेड्यांत चुकार गुरं कोंडायची दगडी कुंपणं असत, त्यांना पौंड म्हणत. तळ्याला 'पाँड' म्हणतात तेही याच शब्दाचं बदललेलं रूप. बांध घालून कोंडलेलं पाणी. इंग्रजांनी ही कल्पना 1871 च्या कॅटल ट्रेसपास कायद्याने आपल्याकडे पक्की केली. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याने धरायचं, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं, मालकाने दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून सोडवायचं, आणि कोणी फिरकलंच नाही तर लिलाव. दंडाचा तक्ता वाचण्यासारखा आहे : शेळीमेंढीला एक आणा, म्हशीला आठ आणे, हत्तीला दोन रुपये. हत्तीला कोंडवाड्यापर्यंत न्यायचं कोणी, हे कायद्यात लिहिलेलं नाही. तुमच्या वडिलांची पावती टाकू नका. दंडाचा आकडा बघा, जनावर कोणतं होतं याचा अंदाज त्यावरून बांधता येईल. आणि मुख्य म्हणजे ते आपलं होतं की दुसऱ्याचं!

याच कोंडवाड्यातून 'इम्पाउंड' निघालं. पासपोर्ट सरकारजमा करणं याला कायद्यात हाच शब्द आहे. 1977 साली मनेका गांधींचा पासपोर्ट असा इम्पाउंड झाला, त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 1978 चा तो निकाल आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो.

प्रश्न : मी मुलीकडे न्यू जर्सीला आले आहे. इथे फोनवरची यंत्रबाई "पौंड दाबा" म्हणते. मी कीपॅडवर पौंडाचं चिन्ह शोधत बसते, ते काही सापडत नाही. – एक वाचक, सध्या अमेरिकेत

उत्तर : सापडणार नाही, कारण तिला चलनाचं चिन्ह नकोच आहे. दोन उभ्या नि दोन आडव्या रेघांची जाळी असते ना, जिला आपण हॅश म्हणतो, ती दाबा. अमेरिकेत आकड्यानंतर ही जाळी काढली की तेवढे पौंड वजन, अशी व्यापाऱ्यांची जुनी रीत होती. पाच आणि पुढे जाळी, म्हणजे पाच पौंड. फोनवर ते बटण आलं तेव्हा नावही तेच राहिलं. शून्याच्या उजव्या हाताला बघा. डावीकडे चांदणी असेल, ती नव्हे.