जुन्या लोखंडी कॅबिनेटमध्ये फेरफार करून पाण्याने थंड होणारा संगणक पुण्यात स्वतः बांधता येईल का?

घरी पडून असलेल्या जुन्या टॉवर कॅबिनेटची कापाकापी करून, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पाण्याने थंड होतील असा संगणक स्वतः बांधावा का, आणि सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. मी तीन वर्षांपूर्वी हेच केले. माझे कॅबिनेट तर घरचेही नव्हते, ते रविवारी जुन्या बाजारातून उचलून आणलेले होते. बांधता नक्की येईल. मात्र विजेच्या शेजारी पाणी खेळवण्याची आपल्याला जी धास्ती वाटते आहे, तो या कामातील त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. घाम काढतो तो पत्रा. रेडिएटरमधून निघणारी गरम हवा कोणत्या वाटेने बाहेर जाणार आणि भरलेले पाणी पुढे कधीतरी रिकामे कसे करणार, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरल्याशिवाय पत्र्याला ड्रिल लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त दुसरीकडे वाहून नेते. प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमध्ये पाणी उष्णता घेते, पंप ते रेडिएटरकडे ढकलतो आणि तेथे पंखे ती खोलीच्या हवेत सोडतात; म्हणजे शेवटचे काम हवेलाच करावे लागते. पाषाणच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकातही याच तत्त्वाने द्रव थेट चिपवरील प्लेटांमधून फिरवला जातो. माझा रायझेन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर पूर्ण भारावर १४२ वॅटपर्यंत आणि आरटीएक्स ३०८० हे कार्ड ३२० वॅटपर्यंत वीज घेते, आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एक किलो पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात, त्यामुळे पाणी मिनिटाला ३ लिटर या वेगाने फिरत असेल तर ही सगळी ४६२ वॅट उष्णता घेऊनही एका फेरीत ते सव्वादोन अंशांच्या आसपासच तापते. म्हणून पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की कार्डाकडे, हा हौशी मंडळींचा आवडता वाद निरर्थक आहे; नळ्या सुटसुटीत बसतील तसा क्रम ठेवावा. पाळायचा नियम एकच: पाणी भरायची छोटी टाकी पंपाच्या वर असावी आणि टाकीतून पाणी थेट पंपात यावे, कारण डी५ प्रकारच्या पंपाच्या बेअरिंगला वंगण मिळते ते त्यातून वाहणाऱ्या पाण्याचेच, आणि कोरडा चालवल्यास तो खराब होतो.

रेडिएटर किती मोठा हवा, याचा ढोबळ हिशेब असा की, पंखे कानाला त्रास होणार नाही अशा वेगाने फिरवले तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याइतका रेडिएटर सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो आणि तेव्हा पाणी खोलीपेक्षा दहाएक अंशांनी गरम राहते. मी म्हणूनच ३६० आणि २४० मिलिमीटरचे, म्हणजे तीन आणि दोन पंख्यांचे, असे दोन रेडिएटर, म्हणजे एकूण पाच पंख्यांइतकी जागा धरली. आमची खोली थेट गच्चीखाली असल्यामुळे एप्रिलच्या दुपारी ती ३६ अंशांवर असते, आणि त्या वेळी पाणी ४६-४७ अंशांवर जाते. यात बिघाड काही नाही. माठातले पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होते ते त्यातले थोडे पाणी पाझरून वाफ होते म्हणून. आपली नळी चहूबाजूंनी बंद असते, त्यामुळे तिच्यातील पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. पावसाळ्यात नळ्यांना बाहेरून पाणी सुटेल का, ही शंकाही याच कारणाने मिटते, कारण दव धरायला पृष्ठभाग हवेपेक्षा थंड असावा लागतो. टाकीत बर्फ घालण्याचा किंवा थंडगार पाणी फिरवण्याचा उद्योग केला तर मात्र मदरबोर्डवर खरोखरच दव धरेल.

आता पत्रा. सन २००० च्या सुमारास निघालेल्या टॉवरमध्ये आजचा मदरबोर्ड बसेल का, याची चिंता नसावी. एटीएक्स हे माप १९९५ पासूनचे आहे आणि ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा बोर्ड, त्याची स्क्रूची भोके आणि मागची पोर्टची चौकट जुन्या कॅबिनेटमध्येही बरोबर जुळते. जुळत नाही ती हवेची सोय. माझ्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय वर, समोर सीडी ड्राइव्हचे चार खण आणि मागे ८० मिलिमीटरच्या पंख्याचे एकुलते एक भोक होते. खणांचा सांगाडा पॉप रिव्हेटने जोडलेला असतो. रिव्हेटच्या डोक्यावर ड्रिल धरले की तो सुटतो आणि समोर २४० चा रेडिएटर उभा बसेल एवढी जागा मोकळी होते. पॉवर सप्लाय मी तळाशी नेला आणि ३६० चा रेडिएटर छताला लावायचे ठरवले.

येथे मी जी चूक केली ती आपण करू नये. रेडिएटर ४५ मिलिमीटर जाड, त्याखाली पंखा २५ मिलिमीटर, म्हणजे एकूण ७० मिलिमीटर, एवढा साधा हिशेब मी छत कापून झाल्यावर केला. बोर्डाच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत जागा होती जेमतेम ५० मिलिमीटर. पंखे बोर्डावरच्या हीटसिंकवर आदळत होते. शेवटी पंखे छताच्या बाहेर ठेवावे लागले आणि ते झाकण्यासाठी भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून पत्र्याचे उंच, जाळीदार झाकण वाकवून घ्यावे लागले. त्यांनी माझे कॅबिनेट उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "साहेब, आधी पुठ्ठ्याचं करून बघितलं नव्हतं का?" नव्हते. आता मी प्रत्येक वस्तूचा पुठ्ठ्याचा ठोकळा आधी आत बसवून पाहतो. दिसायला ते झाकण बरे दिसते आणि पाहुणे ती मुद्दाम केलेली रचना समजतात, हा भाग वेगळा.

कापण्यापूर्वी सगळे सुटे भाग बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवावेत, कारण लोखंडाचा बारीक कीस बोर्डावर गेला तर शॉर्ट झालाच म्हणून समजा. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून तिच्यावर आखणी करावी आणि सेंटर पंचने खुणा पाडाव्यात. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंमधील अंतर १०५ मिलिमीटर असते. ग्राइंडरने काम झटपट होते, पण ठिणग्यांनी आजूबाजूचा रंग जळतो. बारीक दात्यांचे पाते लावलेला जिगसॉ हळू चालतो आणि रेघेवर राहतो. कडा कानशीने घासून त्यांवर रबरी बीडिंग बसवावे, नाहीतर नळी आणि बोटे दोन्ही कापली जातात. पंखे रेडिएटरला लावताना स्क्रूची लांबी दोनदा तपासावी. काही रेडिएटरमध्ये स्क्रूच्या भोकामागे लगेच पाण्याची चपटी नळी असते आणि चार मिलिमीटर जास्तीचा स्क्रू तिला सरळ भोक पाडतो. रंगासाठी पावडर कोटिंग उत्तम, मात्र हा थर वीज वाहू देत नाही. पॉवर सप्लाय जेथे पत्र्याला टेकतो तेथील आणि मदरबोर्ड ज्यांवर बसतो त्या छोट्या खुंट्यांखालील, म्हणजे स्टँडऑफखालील, रंग खरवडून, प्लगच्या अर्थिंगच्या पिनेपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत जोड आहे ना, हे मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय वीज जोडू नये.

पाण्याच्या संपर्कात तांबे, पितळ आणि निकेल एवढेच धातू येऊ द्यावेत. जुन्या बाजारात गाड्यांचे रेडिएटर स्वस्तात दिसतात आणि मोह होतो, पण आजकाल ते बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांचा सेल तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजून पांढरा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. नळी जोडायच्या फिटिंगचे आटे पाव इंची बीएसपी या मापाचे, समांतर प्रकारचे असतात आणि पाणी अडते ते ओ-रिंगमुळे. त्यामुळे न्यूमॅटिकच्या दुकानात मिळणारे निमुळत्या आट्यांचे फिटिंग टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळू नये, ॲक्रिलिकच्या टाकीला तडा जातो. हाताने घट्ट करून पाव फेरा, एवढे पुरते.

नळ्यांच्या बाबतीत पहिल्या खेपेला मऊ नळीच वापरावी. मला तांब्याच्या नळीची हौस होती, म्हणून कसब्यातील तांबट आळीत गेलो. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलेले तांबे कडक न होता मऊ होते, हे तेथील एका काकांनी मला भट्टीजवळ उभे करून दाखवले. नळीत बारीक वाळू ठासून ती वाकवली की चपटी होत नाही, हेही त्यांच्याकडूनच कळले. अडचण आली ती मापाची. एसीच्या कामाची अर्धा इंची नळी बाहेरून १२.७ मिलिमीटर भरते आणि माझे फिटिंग १२ मिलिमीटरचे होते. ती वाकवलेली नळी अजून टेबलावर पडून आहे आणि संगणकात मऊ नळी फिरते आहे.

पाणी डिस्टिल्डच घ्यावे. खडकवासल्याचे असो की बोअरचे, नळाचे पाणी क्षार सोडते. त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक द्रव्य असलेले तयार मिश्रण घालावे. शेवाळ मारण्यासाठी द्राक्षबागेत वापरतात ते मोरचूद चिमूटभर टाकावे, असा सल्लाही मला मिळाला होता. प्रमाण हाताने जमत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. नवा रेडिएटर कोमट डिस्टिल्ड पाण्याने खळखळून घ्यावा, त्यातून सोल्डरिंगचा कचरा निघतोच. पाणी भरण्यापूर्वी हातपंपाने नळ्यांत सुमारे अर्धा बार दाबाची हवा भरून दाबमापकाचा काटा स्थिर राहतो का, हे अर्धा तास पाहावे. माझा काटा उतरत गेला आणि कार्डाच्या ब्लॉकवर एक चिमटलेली ओ-रिंग सापडली. त्यानंतर बोर्ड, कार्ड आणि डिस्क यांच्या वायरी काढून ठेवून, पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी आणि काळी वायर जोडून फक्त पंप चालवावा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून एक दिवसरात्र जाऊ द्यावी.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो: माझ्या लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या या बंद फेऱ्यात, १४ फिटिंग लागले आणि त्यांचे पैसे दोन्ही रेडिएटरपेक्षा जास्त झाले. फक्त गेम खेळण्यासाठी संगणक थंड ठेवायचा असेल, तर प्रोसेसरवर हवेचा चांगला कूलर लावून उरलेल्या पैशांत वरच्या श्रेणीचे कार्ड घेणे अधिक शहाणपणाचे आहे. आपल्याला पत्रा कापायची हौस असेल तरच या वाटेला यावे.

राहिला निचरा. लूपच्या सर्वांत खालच्या बिंदूला एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडून त्यावर पाव इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवावा आणि त्याचे तोंड पत्र्यातील भोकातून बाहेर काढावे. हे भोक मी पावडर कोटिंगच्या आधी पाडले, एवढे एक शहाणपण माझ्याकडून झाले. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी कॅबिनेट स्टुलावर ठेवतो, टाकीचे वरचे बूच सैल करतो, कारण हवा आत शिरल्याशिवाय पाणी उतरत नाही, आणि खाली तपेली धरतो. एक लिटरच्या आसपास पाणी निघते. शेवटचे थोडे पाणी रेडिएटरमध्ये अडून राहते, त्यासाठी कॅबिनेट दोन्ही बाजूंना कलते करावे लागते, आणि लोखंडी टॉवर पाण्यासकट चांगलाच जड होत असल्यामुळे त्या वेळी घरातील आणखी एका माणसाला हाक मारावी.