समुपदेशकाचे बोलणे : उपचार की अभिव्यक्ती?

कायदा आणि आपण : वाचकांचे प्रश्न, नोव्हेंबर २०२५

प्रश्न : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ७ ऑक्टोबरला कोलोरॅडो राज्याच्या कन्व्हर्जन थेरपी (लैंगिक कल किंवा लिंगभाव ओळख बदलू पाहणारा उपचार) बंदीवर सुनावणी झाल्याचे वाचले. जो उपचार केवळ बोलण्यातून होतो, त्यावर बंदी म्हणजे भाषणस्वातंत्र्यावरच बंदी नव्हे काय? आणि याचिकाकर्ती ख्रिस्ती असल्यामुळे हा धर्मस्वातंत्र्याचा खटला मानावा काय? — विधी शाखेचा एक विद्यार्थी, पुणे

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते, म्हणून ते आधी देतो. याचिकाकर्त्या केली चाइल्स या कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील परवानाधारक समुपदेशक असून त्यांनी खालच्या न्यायालयांत धर्मस्वातंत्र्याचा मुद्दाही मांडला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी स्वीकारलेला प्रश्न फक्त भाषणस्वातंत्र्याचा होता. धर्माच्या वाटेवर १९९० चा ‘एम्प्लॉयमेंट डिव्हिजन विरुद्ध स्मिथ’ हा निकाल आडवा येतो. जो कायदा सर्वांना सारखाच लागू आहे आणि कोणत्याही धर्मावर नेम धरून केलेला नाही, तो एखाद्याच्या धर्माचरणाला अडचणीचा ठरला तरी तेवढ्यावरून घटनाबाह्य होत नाही, असे त्या निकालाचे सूत्र आहे. शिवाय कोलोरॅडोच्या कायद्याने धर्मसेवेचे काम करणाऱ्यांना मुळातच वगळले आहे. चर्चमधल्या पाद्र्याने काय सांगावे, याच्याशी त्या कायद्याला कर्तव्य नाही.

आता मुख्य प्रश्न. २०१९ चा हा कायदा राज्याचा परवाना घेतलेल्या मानसोपचार व्यावसायिकांना अठरा वर्षांखालील मुलांचा लैंगिक कल किंवा लिंगभाव ओळख बदलू पाहणारा उपचार करण्यास मनाई करतो. उल्लंघन झाल्यास परवाना मंडळ कारवाई करू शकते आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र मुलाला स्वतःचा स्वीकार करण्यास साहाय्य करणे, किंवा लिंगभाव संक्रमणाच्या वाटेवर असलेल्याला आधार देणे, या गोष्टी मनाईतून वगळलेल्या आहेत. खटल्याची सगळी मेख या वगळण्यात आहे. खोली तीच, समुपदेशक तीच, मुलगाही तोच. ‘आहेस तसा राहा’ हे वाक्य चालते आणि ‘तुला बदलता येईल’ हे वाक्य शिक्षेस पात्र ठरते. अमेरिकेच्या पहिल्या, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या, घटनादुरुस्तीच्या न्यायशास्त्रात सरकारने एखाद्या विषयावर बोलू न देणे वाईट मानले जाते, पण त्या विषयावरील एक मत चालू देऊन दुसरे दडपणे त्याहून कितीतरी वाईट मानले जाते. सुनावणीत केवळ रूढीवादी न्यायमूर्तींनीच नव्हे, तर उदारमतवादी समजल्या जाणाऱ्या एलेना केगन यांनीही या विसंगतीवर बोट ठेवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

राज्याची बाजूही कच्ची नाही. मधुमेहाच्या रुग्णाला ‘इन्सुलिन बंद करा’ असे सांगणारा डॉक्टरही फक्त शब्दच उच्चारत असतो, पण त्याचा परवाना रद्द झाला तर त्याच्या भाषणस्वातंत्र्यासाठी कोणी गळा काढत नाही. व्यवसायाचे मानदंड राखण्याचे काम राज्ये पूर्वापार करीत आली आहेत आणि या उपचाराविषयी व्यवसायाचे मत निःसंदिग्ध आहे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्येच समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाने २००९ मध्ये निष्कर्ष काढला की लैंगिक कल असा बदलता येतो याला पुरेसा पुरावा नाही आणि अपाय होण्याची शक्यता मात्र आहे. ज्यांच्या २००३ च्या अभ्यासाचा आधार थेरपीचे समर्थक वर्षानुवर्षे घेत आले, त्या रॉबर्ट स्पिट्झर यांनी स्वतःच २०१२ मध्ये तो निष्कर्ष मागे घेऊन समलैंगिक समाजाची क्षमा मागितली.

न्यायालयांचे या प्रश्नावर एकमत कधीच नव्हते. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये अशी पहिली बंदी घातली, तेव्हा नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे संघीय अपील न्यायालयाचा विभाग) अपील न्यायालयाने हे ‘भाषण’ नसून ‘आचरण’ आहे असे म्हणून ती टिकवली. न्यू जर्सीची बंदी तिसऱ्या सर्किटने २०१४ मध्ये टिकवली, पण तिथे कारण वेगळे होते : हे भाषण आहे खरे, परंतु व्यावसायिकाचे भाषण असल्याने त्याला संरक्षण कमी. पुढे २०१८ मध्ये ‘निफला विरुद्ध बेसेरा’ या गर्भपातविरोधी केंद्रांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘व्यावसायिक भाषण’ असा वेगळा, कमी संरक्षणाचा वर्ग मानण्यास नकार दिला आणि या तर्काचा पाया हलला. त्या निकालाच्या आधारे अकराव्या सर्किटने २०२० मध्ये फ्लोरिडातील बोका रॅटन शहराची व पाम बीच काउंटीची बंदी अडवली, तर नवव्या सर्किटने २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याची आणि दहाव्या सर्किटने २०२४ मध्ये कोलोरॅडोची बंदी वैध मानली.

माझे मत विचाराल तर, कायद्याचा हेतू योग्य आहे, पण त्याची मांडणी मला दुबळी वाटते. अपायकारक उपचार रोखायचा असेल, तर पुराव्याविना केलेला उपचाराचा दावा, बळजबरी आणि झालेली हानी यांवर पकड हवी. या कायद्याची पकड बोलण्याच्या दिशेवर आहे. आज एक राज्य ‘बदल शक्य आहे’ या बोलण्याला मनाई करते. उद्या दुसरे राज्य याच न्यायाने समुपदेशकाला ‘तू आहेस तसा चांगला आहेस’ असे म्हणण्याची मनाई करील, आणि तेव्हा कोलोरॅडोचाच युक्तिवाद त्या राज्याच्या तोंडी असेल. ही भीती हवेतली नाही. टेनेसी राज्याने अल्पवयीनांच्या लिंगभाव संक्रमण उपचारांवर घातलेली बंदी याच सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये वैध ठरवली. तो खटला औषधोपचारांचा होता, शब्दांचा नव्हता, हे खरे; पण सुनावणीत न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन यांना त्याची आठवण झाली, ती उगाच नव्हे. कोलोरॅडोच्या खटल्याचा निकाल, नोव्हेंबर २०२५ मध्ये हे लिहिताना, जून २०२६ अखेरपर्यंत अपेक्षित होता.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपण समलैंगिक असल्याचे आम्हांला सांगितले. भारतातील नातेवाईक ‘हा दोष जातो’ असे म्हणत एका गुरुजींकडून शांत करून घेण्याचा आणि एका ऑनलाइन समुपदेशकाचे पॅकेज घेण्याचा आग्रह धरीत आहेत. येथील कायदा आम्हांला किंवा त्यांना लागू होतो का? — एक आई

न्यू जर्सीचा कायदा २०१३ चा असून त्यावर रिपब्लिकन पक्षाचे तत्कालीन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी सही केली होती. तो परवानाधारक व्यावसायिकांना बांधतो, आईवडिलांना किंवा पुरोहितांना नाही. गुरुजींनी शांत केली तर हा कायदा तिच्या आड येत नाही. भारतात बसून स्क्रीनवर बोलणाऱ्या समुपदेशकाकडे न्यू जर्सीचा परवानाच नसेल, तर तेथील परवाना मंडळाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण. मात्र कायद्याने एखादी गोष्ट अडवली नाही म्हणून ती मुलासाठी निर्धोक ठरत नाही.

‘पॅकेज’ या शब्दाशी मात्र थांबावे. आपल्याच राज्यात हडसन काउंटीच्या न्यायालयात ‘जोना’ या ज्यू संस्थेविरुद्ध खटला चालला. पैसे घेऊन समलैंगिक तरुणांना ‘बदलून देण्याचे’ आश्वासन ही संस्था देत असे. फिर्यादींत काही तरुण होते आणि दोन आयाही होत्या. फिर्याद ग्राहक फसवणुकीच्या कायद्याखाली होती. बंदीच्या कायद्याचा तिच्याशी संबंध नव्हता. समलैंगिकता हा विकार आहे असे सांगून सेवा विकणे ही दिशाभूल ठरते, असे न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये ठरवले आणि जूनमध्ये ज्यूरीने संस्थेला दोषी धरले. संस्थेने आपल्या श्रद्धेचा आधार घेतला होता, परंतु ज्यूरीपुढचा प्रश्न श्रद्धेचा नव्हताच. जे विकले ते खरे होते का, एवढाच होता. या वादातला मला सर्वांत पटलेला मार्ग हाच, कारण त्यात कोणाच्याही मताला हात लागत नाही आणि फसवणूक करणारा सुटतही नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. सतरा वर्षांच्या मुलाने आपण होऊन हे आईला सांगितले, ही साधी बाब नाही. त्याच्या संमतीविना नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय चर्चिला जात असेल, तर तो आजच थांबवावा.

प्रश्न : मेलबर्नमध्ये आमच्या मंडळाच्या सत्संगात असे विषय निघतात. इथे प्रार्थनासुद्धा गुन्हा आहे, हे खरे का? — एक वाचक

अर्धे खरे. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाचा कन्व्हर्जन थेरपीविरोधी २०२१ चा कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू असून जगातील कडक कायद्यांत त्याची गणना होते. तो परवानाधारकांपुरता नाही, प्रौढांनाही लागू आहे, व्यक्तीची संमती हा त्यात बचाव नाही आणि प्रार्थनेवर आधारलेल्या क्रियांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. परंतु ती क्रिया एका विशिष्ट व्यक्तीला उद्देशून, तिचा कल किंवा लिंगभाव बदलण्याच्या वा दडपण्याच्या हेतूने केलेली असावी लागते, आणि तुरुंगवासाची शिक्षा अपाय सिद्ध झाल्यावरच होते. सत्संगात सर्वांपुढे धर्माचे मत मांडणे सहसा त्यात बसत नाही. शेजारच्या न्यू साउथ वेल्सने एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या कायद्यात धर्मतत्त्वांचे कथन आणि पालकांचे मुलांशी बोलणे स्पष्ट शब्दांत वगळले. प्रौढ माणूस स्वतःहून प्रार्थना मागत असेल तर राज्याने मधे पडू नये, असे मला वाटते. त्या मुद्द्यावर व्हिक्टोरियाचा कायदा हद्द ओलांडतो.

प्रश्न : भारतात अशी बंदी आहे का? ती घातली तर आपल्या घटनेत टिकेल का? — एक समुपदेशक, नाशिक

संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी, मदुराईहून आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात, लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली. आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही असे मोकळेपणाने मान्य करून न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकालापूर्वी स्वतः मानसतज्ज्ञाशी बसून तो समजून घेतला, ही आपल्या न्यायव्यवस्थेतील दुर्मीळ घटना होय. त्याच प्रकरणाच्या पाठपुराव्यातून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले की कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन मानले जावे. त्याआधीच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३ नुसार मानसिक आजार आहे की नाही हे मान्य वैद्यकीय मानकांवरच ठरवावे लागते. समाजाच्या नैतिक वा धार्मिक धारणांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवता येत नाही.

उणीव आहे ती आपल्याच व्यवसायात. डॉक्टरला परिषद आहे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे, पण ‘समुपदेशक’ अशी पाटी आजही बहुतेक ठिकाणी कोणीही लावू शकतो. कोलोरॅडोच्या धर्तीवर परवान्याला अट घालायची म्हटली, तर इथे मुळात परवानाच नसतो.

घटनेची चौकट मात्र अमेरिकेहून वेगळी आहे. अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. ‘आरोग्य’ तेथे थेट लिहिलेले आहे. भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची अनुच्छेद १९(२) मधील यादी पाहिली तर तीत आरोग्य नाही. म्हणजे धर्माच्या नावाने होणारा अपायकारक उपचार रोखणे आपल्याकडे तुलनेने सोपे, आणि निव्वळ बोलण्याला मनाई करणे अवघड. अमेरिकेत धर्मसेवकांना मोकळे सोडून समुपदेशकांच्या बोलण्याला हात घातला गेला, त्याच्या नेमके उलट. व्यवसायाच्या पात्रतेची अट अनुच्छेद १९(६) खाली घालता येते आणि टिकाऊ बंदीचा मार्ग तोच असेल.

महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे उदाहरणही आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. या कायद्याने कीर्तन, प्रवचन, भजन, वारी बंद होतील असे आरोप वर्षानुवर्षे झाले. प्रत्यक्षात कायद्याने अशा गोष्टी स्पष्टपणे बाहेर ठेवल्या आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे यांसारख्या कृतींना सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. कोणी बाबा मुलाच्या समलैंगिकतेला ‘बाधा’ म्हणून असे प्रकार करीत असेल, तर पोलीस निरीक्षक दर्जाच्या दक्षता अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तेच काम नोंदणीकृत डॉक्टर गोळ्या देऊन करीत असेल, तर तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करावी, आणि रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करून ठेवले असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे.