कुठलं ठिकाण, कुठला महासागर?

प्रश्न: मुलाच्या क्विझमध्ये जोड्या लावायच्यात, सेल्युलर जेल, सेंट हेलेना, ईस्टर आयलंड, रॉबेन आयलंड. आम्ही अमळनेरवाले, समुद्र फिरायला गेलो तेवढाच पाहिलेला, जरा नीट सांगा ना. – एक वाचक, अमळनेर

उत्तर: भाऊ, सेल्युलर जेल सोपं आहे, पोर्ट ब्लेअर (2024 पासून नाव श्री विजयपुरम) म्हणजे बंगालचा उपसागर नि अंदमान समुद्राची हद्द, आणि हे दोन्ही हिंदी महासागरातच मोडतात. (आपल्या तापीचं पाणीपण सुरतेजवळून अरबी समुद्रात, म्हणजे शेवटी तिथंच जातं बरं का.)

सेंट हेलेना अटलांटिकमध्ये. नेपोलियनला 1815 मध्ये तिथं नेऊन ठेवला, कारण आधी तो भूमध्य समुद्रातल्या एल्बा बेटावरून निसटला होता, म्हणून मग इंग्रजांनी एवढं लांबचं बेट शोधलं की पळायची सोयच नको, आणि 1821 ला तो तिथंच वारला. ईस्टर आयलंड पॅसिफिकमध्ये, दगडी मोआई पुतळ्यांचं, ते चिलीचं आहे पण चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास.

खरी गंमत रॉबेन आयलंडची, मंडेला 27 पैकी 18 वर्षं जिथं कैदेत होते ते. दक्षिण आफ्रिका म्हटलं की आपण डोळे झाकून हिंदी महासागर लिहितो, पण केप टाऊनसमोरचा टेबल बे अटलांटिकचा आहे, दोन महासागरांची हद्द त्याच्याही पूर्वेला, केप अगुल्हासला (आफ्रिकेच्या अगदी दक्षिण टोकाला) धरतात, केप ऑफ गुड होपला नाही. क्विझवाले मार्क इथंच कापतात.