मोठ्या शहरातल्या रात्रीच्या क्लबांचे फोटो काढायला शिकतोय, कोणाचं काम पाहू?

बिली मंक. केपटाउनच्या 'कॅटाकोम्ब्स' क्लबमध्ये तो बाउन्सर होता. १९६७ ते ६९ मध्ये त्याने तिथल्याच गिऱ्हाइकांचे फोटो काढले, त्यांनाच विकायला. म्हणूनच कॅमेऱ्यापुढे कोणी अवघडलेलं दिसत नाही. टेबलावर बाटल्या, खांद्यावर कलंडलेली मान, घामेजलेले चेहरे. बाहेर वर्णभेदाचे कडक कायदे, आत मात्र वेगवेगळ्या वर्णांची माणसं एकमेकांना बिलगून. ३५ मिमी लेन्स आणि छोटा फ्लॅश, बस्स.

तुम्हीही आधी त्या जागेतले व्हा. काढलेला फोटो ज्याचा त्याला नेऊन द्या.

१९८२ मध्ये जोहान्सबर्गला त्याचं प्रदर्शन लागलं, पण ते पाहण्याआधीच भांडणात गोळी लागून तो गेला. मला हे अजून सलतं.